थेट बॅटरीवरून

"ताई, एक सांगून ठेवतो. मंग म्हनान, का श्रावणभाऊनं सांगतलं नाई."

बॉनेटमधून डोकं बाहेर काढून तो हाताला लागलेलं काळं फडक्याला पुसत होता. श्रावणभाऊ म्हणजे मूर्तिजापुरात स्टेशनच्या रस्त्यावर गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा माणूस. माझ्या सासऱ्यांची गाडी पहिल्यापासून त्याच्याच हाताखालून गेलेली.

"सांगा."

"हे चार्जिंगचं तुमी थेट बॅटरीवरून घ्यायले लावून राहिल्या. चावी काढली तरी याच्यात करंट राहीन. उभ्या गाडीत लावून ठेवलं, का बॅटरी बसन. गाडी वीस वर्साची, बॅटरीबी म्हातारी. अन् बॅटरी बसली म्हंजे गाडी चालू होत नाई, एवढंच नाई. हारन, दिवे, सारंच मरते."

"बसली तर धक्का मारू," मी म्हणाले.

"कोन मारन? तुमी, का मामाजी?"

तो हसला. मीही हसले. मागच्या सीटवर बसलेले मामाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी डावा हात वर करून हलवला. "हे... नको," ते म्हणाले. दोन शब्दांना त्यांना बराच वेळ लागला.

मामाजी म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं लाइनमन म्हणून खांबांवर चढलेले. दीड वर्षापूर्वी लकवा झाला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं चार-पाच शब्दांवर आलं. गाडी त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून एका इंजिनियरकडून जुनी घेतली होती. चारही काचा बटणाच्या, याचं त्यांना फार कौतुक. मला वाटलं, आपल्या गाडीची वायर कापलेली त्यांना बघवत नाहीये.

"चावीच्या लाइनवरून घेतो न," श्रावणभाऊ म्हणाला. "चावी फिरवली का चालू, काढली का बंद. काही टेन्शन नाई."

"तेच तर नको आहे मला. गाडी बंद असली तरी फोन चार्ज झाला पाहिजे."

त्यामागे माझं कारण होतं. जानेवारीत माझ्या रेवाला तापात पहिला झटका आला. अकरा महिन्यांची होती. डोळे वर गेले, ओठ निळे पडले, आणि माझ्या हातातला फोन बंद पडलेला. नवरा, हर्षल, छत्तीसगडला प्लांटवर. शेजारच्या कावरे काकूंचं दार मी लाथेने वाजवलं होतं. त्या दिवसापासून मी फोन पन्नास टक्क्यांच्या खाली जाऊ दिला नाही. गाडीतलं मूळचं सॉकेट कधीच जळून गेलं होतं. म्हणून हे नवीन: दोन भोकांचं, निळा दिवा लागणारं. एकात फोन, दुसऱ्यात चिमटा लावून बसवायचा छोटा पंखा.

"लावा थेट," मी म्हणाले.

श्रावणभाऊने मामाजींकडे एकदा पाहिलं, खांदे उडवले आणि वायर ओढली.

मी एम.एस्सी. झालेली बाई. हलगर्जी मी कधीच नव्हते, उलट लोक मला अती करते म्हणायचे. रेवा हाताला लागेल ते ओढायची म्हणून मागच्या दोन्ही दारांना मी चाइल्ड लॉक लावून ठेवलं होतं. दाराच्या कडेला एक बारीक खिट्टी असते, ती खाली केली की दार आतून उघडत नाही, फक्त बाहेरून उघडतं. रेवाच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून मागच्या काचांना काळ्या जाळ्या चिकटवल्या होत्या. आतून बाहेरचं दिसायचं, बाहेरून आतलं नाही. आणि गाडी मीच चालवायची असल्यामुळे रेवाला धरायला मागे मामाजी. डावा हात त्यांचा मजबूत होता. तिला छातीशी धरून ते बसायचे, खड्डा आला की आधीच हात घट्ट व्हायचा. लकव्यानंतर घरात त्यांच्याकडे एवढंच एक काम उरलं होतं, आणि ते त्यात कधी चुकले नाहीत.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहाटेपासून रेवाचं अंग तापलं. एकशे दोन. औषध दिलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, ताप हलेना. अकोल्याच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, घेऊन या. निघेपर्यंत दहा वाजले. गाडी तिसऱ्या वेळेला सुरू झाली. आदल्या संध्याकाळी मी पंखा तसाच चालू ठेवला होता, तो रात्रभर फिरत राहिला होता. मी पंख्याची वायर काढून परत नीट लावली आणि निघाले.

पहाटेपासूनच्या धावपळीत, जानेवारीनंतर पहिल्यांदाच, फोन नऊ टक्क्यांवर आला होता. तो हँडब्रेकजवळच्या खळग्यात ठेवून चार्जिंगला लावला.

"मामाजी, अंग कसं लागतंय?"

"ग... गरम."

"डोळे बघा तिचे. स्थिर आहेत का? बघते का तुमच्याकडे?"

"हो."

"हात हलवते?"

"हो, हो." मग थोड्या वेळाने आपण होऊन, "पाय... बी."

आरशात मला त्यांची हनुवटी आणि रेवाचं जावळ तेवढं दिसत होतं. एसी लावून काचा बंद केल्या होत्या. बाहेर डांबरावर नुसती वाफ. चाळीस किलोमीटरला मला सव्वा तास लागला, कारण दर पाच मिनिटांनी मी गाडी हळू करून मागे बघत होते.

मुलांचा दवाखाना एका गल्लीत होता. पुढे जागा नव्हती, म्हणून मी मागच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीला लागून गाडी लावली. समोर एक रसवंती होती, दुपारची सामसूम. मी गाडी बंद केली, चावी काढली, आणि मागून आवाज आला.

"रेवा!"

दीड वर्षात मामाजींच्या तोंडून इतका स्वच्छ शब्द मी ऐकला नव्हता.

वळून पाहिलं तर त्यांच्या हातात रेवा फळीसारखी ताठ झालेली. मी उतरले, मागचं दार उघडलं. त्यांनी एका हाताने तिला माझ्याकडे ढकललं. तोंडातून फेस येत होता.

"जा," ते म्हणाले. "जा, जा."

त्यांना उतरवायचं म्हणजे दहा मिनिटांचं काम. आधी काठी, मग पाय वळवायचे, मग मी काखेत हात घालून उभं करायचं. मी पंख्याचं तोंड मागे वळवलं.

"पंखा चालू आहे मामाजी. दहा मिनिटं. आलेच."

कमरेने दार लोटलं आणि धावले. चावी माझ्या मुठीत होती.

जिना चढून आत गेल्यावर कोणीतरी रेवाला माझ्या हातून घेतलं. टेबलावर कुशीवर झोपवलं, नाकात स्प्रे मारला, ऑक्सिजनचा मास्क लावला. डॉक्टर शांतपणे घड्याळ बघत होते. त्यांच्या शांतपणाचा मला राग येत होता.

"किती वेळ झाला झटका सुरू होऊन?"

"आत्ताच. गाडीत. दोन मिनिटं. तीन असतील."

"यापूर्वी?"

"जानेवारीत एकदा."

रेवाचं अंग सैल पडलं. मला वाटलं गेली. पुष्पा नावाच्या एक वयस्क सिस्टर होत्या, त्यांनी माझा हात धरून रेवाच्या छातीवर ठेवला.

"चालू आहे न श्वास? बघा. झोपली ते. आता मला फॉर्म भरू द्या." त्या पेन काढून बसल्या. "मिस्टर?"

"छत्तीसगडला असतात."

"सासूबाई?"

"नाहीत. वारल्या."

"मंग सोबत कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

त्यांनी तसं लिहिलं.

पावणेबाराला रेवाला दुसरा झटका आला. पहिल्यापेक्षा लहान, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा शांतपणा या वेळी थोडा हलला. सुई लावायला शीर सापडेना. हाताला तीन ठिकाणी टोचलं, शेवटी पायाला मिळाली. पाण्यासारखं काहीतरी थेंब थेंब तिच्यात जाऊ लागलं. मी पलंगाच्या दांडीला धरून उभी होते. थेंब मोजत होते. चुकले की परत पहिल्यापासून.

सव्वाबाराला मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग परत थेंबांकडे.

साडेबाराला ताप उतरायला लागला. एक वाजता रेवाने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि रडली. इतकं बरं वाटणारं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. तिला थोपटून झोपवलं.

"घरी कळवलं का मिस्टरांना?" पुष्पा सिस्टरनी विचारलं. "घ्या माझा फोन."

हर्षलचा नंबर मला पाठ होता. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

"कोण?"

"मी आहे. सिस्टरचा फोन आहे हा. रेवा ठीक आहे, झोपली आहे. दोन झटके आले, पण..."

"अगं, वेड लागायची पाळी आली मला! वीस वेळा फोन लावला. वाजतो, उचलत नाहीस."

"फोन गाडीत राहिला. चार्जिंगला."

"मग मध्ये एकदा उचललास तो?"

"मी? नाही."

"उचलला होता. बोललं कोणी नाही, नुसती घरघर येत होती. मला वाटलं नेटवर्क नाही. मीच कट केला." मग तो थांबला. "बाबा कुठायत?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बाबा कुठायत? तुझ्यासोबत आले होते ना?"

"गाडीत," मी म्हणाले. "पंखा चालू आहे."

"काचा उघड्या ठेवल्यास ना?"

फोन माझ्या हातून सुटला की मी सिस्टरच्या हातात दिला, आठवत नाही. जिना उतरताना एक चप्पल राहून गेली. मागच्या गल्लीतला रस्ता तळपायाला असा भाजला की मी ओरडले. गाडीवर ऊन पडलं होतं, पांढरं, सरळ. काचा बंद; चावी काढली की त्या बटणाने उतरत नाहीत. काळ्या जाळ्यांतून आतलं काही दिसत नव्हतं. मी चावी शोधायला मूठ उघडली आणि मग आठवलं, गाडीला लॉक केलेलंच नव्हतं. दार बाहेरून उघडंच होतं. इतका वेळ कोणीही नुसतं ओढलं असतं तर उघडलं असतं.

मी ओढलं. आतली हवा भट्टीतून आल्यासारखी तोंडावर आदळली.

मामाजी सीटवर नव्हते. पुढच्या दोन सीटांच्या मधल्या जागेत ते पालथे अडकले होते, लुळा हात अंगाखाली, डावा हात पुढे ताणलेला. काठी स्टिअरिंगवर टेकलेली. फोन त्यांच्या छातीखाली होता. पंखा थांबला होता. सॉकेटचा निळा दिवाही गेला होता.

"मामाजी! मामाजी!"

त्यांच्या पाठीला हात लावला. शर्ट कोरडा होता आणि अंग तव्यासारखं. घाम नाही. मला जीवशास्त्र येतं. घाम नसणं म्हणजे उष्माघात, हे मला कळलं. मी त्यांचा पाय धरून ओढायला लागले. ते हलेनात.

"ओ भाऊ! भाऊ, या न! कोणी या!"

रसवंतीवाला बाकावर आडवा झाला होता. तो धावत आला. पन्नाशीचा, बनियनवर.

"अरे बाप्पा! आत माणूस व्हता?" त्याने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, मला बाजूला केलं आणि काखेत हात घालून मामाजींना बाहेर काढलं. "हारन वाजला होता, ताई. मी आयकला. दोन-तीनदा वाजला, मंग आवाज बसत बसत गेला, अन् बंदच झाला. मले वाटलं, पोट्टं खेळून राहिलं गाडीत. मी उठलो बी होतो. मंग बंद झाला म्हनून परत झोपलो."

तो हे बोलत बोलतच त्यांना उचलून रसवंतीच्या ताडपत्रीखाली घेऊन गेला. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी त्याने ओढून काढली आणि ऊस तोडायच्या कोयत्याच्या पाठीने फोडली. वरून पुष्पा सिस्टर आणि त्यांच्या मागे डॉक्टर धावत आले.

"काखेत ठेवा बर्फ! मानेला, जांघेत! शर्ट फाडा, ओलं करा सगळं!" मघाचे शांत डॉक्टर आता ओरडत होते. "पाणी पाजू नका, शुद्ध नाहीये. कोणी बंद केलं यांना गाडीत?"

रसवंतीवाला बादलीने पाणी ओतत होता. मी बर्फाचे तुकडे मामाजींच्या मानेखाली सारत होते, ते हातातच वितळत होते.

"सिस्टर, यांचं नाव काय? कोणासोबत आले?" डॉक्टरांनी विचारलं.

पुष्पा सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मला वाटतं, त्या तो फॉर्म आठवत होत्या.

"माझे सासरे," मी म्हणाले. "माझ्यासोबत."

गाडीला चावी लावली. टक्कन वाजलंसुद्धा नाही. ऑटो आणला. मामाजींना मागे आडवं घातलं, रसवंतीवाला दुकान उघडं टाकून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मी फुटपाथवर उभी. वर रेवा, पायात सुई. समोर मामाजी, डोळे अर्धे उघडे, पांढरे.

"पोरीजवळ मी हाओ," पुष्पा सिस्टर म्हणाल्या. "जा तुम्ही. जा न ताई!"

मी बसले. मोठ्या दवाखान्यापर्यंतचा सगळा रस्ता मी त्यांच्या नाकाखाली बोट धरून होते. रसवंतीवाल्याने मला एकदा विचारलं, "पोरगी बरी हाये न तुमची?" आणि मी मान हलवली तेव्हा पहिल्यांदा रडू फुटलं.

ते तीन दिवस अतिदक्षता विभागात होते. हर्षल दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. चौथ्या दिवशी मामाजींनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि कितीतरी वेळ ओठ जुळवून एक शब्द बाहेर काढला.

"रे...वा?"

"बरी आहे मामाजी. कावरे काकूंकडे आहे. खेळते आहे."

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर ते बावीस महिने जगले, पण शब्द परत आले नाहीत. तो शेवटचा.

सगळ्यांनी मला माफ केलं. हर्षलने केलं, नणंदेने केलं, शेजाऱ्यांनी केलं. पोरीला झटका आला, त्यात कोणीही विसरलं असतं, आईचा जीव आहे. मीही तेच सांगत आले. विसरले. हर्षल हे सगळं बाबांच्या पलंगाजवळ बसून बोलायचा, आणि मामाजी माझ्याकडे बघत असायचे. त्या बघण्यात काय होतं, ते मला कधी कळलं नाही. कळून घ्यायची हिंमत झाली नाही.

आज रेवा नऊ वर्षांची आहे. आणि मला हे आता कोणाला तरी सांगायचं आहे, कारण मी विसरले नव्हते.

सव्वाबाराला मी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा मला ते आठवले होते. स्पष्ट आठवले. त्यांचा चेहरा, काठी, बंद गाडी, सगळं. एक तास झाला, असं मनात मोजलंही. खाली जाऊन यायला तीन मिनिटं लागली असती. रेवा स्थिर होती. सिस्टर शेजारी होत्या. आणि मी मनाशी म्हणाले, पंखा चालू आहे, थेट बॅटरीवरून घेतलाय, बंद पडायचा नाही. मग परत थेंब मोजायला लागले. पहिल्यापासून.

तो हॉर्न त्याच सुमारास वाजला असावा. वरच्या खिडकीतून एक बारीक आवाज आला होता, असं मला कधी कधी वाटतं. आला होता की हे मी नंतर मनात घातलं, ते मी सांगू शकत नाही.

हर्षल हे वाचेल. वाचू दे.

तुम्हाला मात्र एक विनंती आहे. तुमचं कोणी माणूस आत्ता "तुम्ही जा, मी बसतो इथंच" असं म्हणून मागे राहिलं असेल, गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, नाहीतर घराच्या मागच्या खोलीत, तर उठा. फोन करून विचारू नका, ते बरं आहे म्हणतील. तुम्ही स्वतः जा. दार उघडा, आणि त्यांच्या अंगाला हात लावून बघा.